दासोहाच्या भूमीतले मिशनरी

बिदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या ईशान्य टोकावरच्या जिल्ह्यांत कॅथोलिक मिशन आकाराने लहान आहे आणि स्वतंत्र धर्मप्रांत म्हणून वयानेही. गुलबर्गा (कलबुर्गीचं जुनं नाव) धर्मप्रांत 2005 साली स्थापन झाला. मंगळूरकडून आलेले रॉबर्ट मिरांडा त्याचे पहिले बिशप. त्याआधी बिदरचा कारभार हैदराबादच्या महाधर्मप्रांतातून चाले. बिदरमधले बहुसंख्य ख्रिस्ती मेथॉडिस्ट आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मेथॉडिस्टांनी इथे घातलेला पाया अजून टिकून आहे. रायचूर जिल्ह्यातल्या मुदगलला आदिलशाहीपासून कॅथोलिक वस्ती असली, तरी तिचा प्रभाव उत्तरेकडे भीमेच्या पलीकडे फारसा पोचला नाही. गोवा किंवा वसईत कॅथोलिक समाज शतकानुशतकं नांदतो आहे, त्याचं स्वतःचं साहित्य आहे, सणवार आहेत. इथे तसं काही नाही. मूठभर धर्मगुरू आणि त्यांच्याहून अधिक धर्मभगिनी, तेही बहुतेक बाहेरून आलेले, आणि भोवती लाखोंची बिगर-ख्रिस्ती वस्ती.

एवढ्या थोड्या माणसांच्या कामाची चर्चा मात्र नेहमी एकाच प्रश्नावर येऊन अडकते: ही सेवा की धर्मांतर? प्रश्न गैरलागू नाही, पण अपुरा आहे. या जिल्ह्यांतला अनुभव वेगळा प्रश्न पुढे करतो. गरिबाला दान देणारा कोणालाच खुपत नाही. गरिबाला हिशेब शिकवणारा, त्याची संघटना बांधणारा खुपतो. मिशनरी पहिल्या भूमिकेतून दुसरीत गेले, तेव्हा त्यांच्या कामाचा अर्थ बदलला आणि त्यांना होणाऱ्या विरोधाचाही.

प्रदेश समजल्याखेरीज हे कळणार नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत, चाळींत, शाळांच्या व्हरांड्यांत जी शहाबादी फरशी दिसते, ती कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद, चित्तापूर, सेडम भागातल्या खाणींतून येते. तूरडाळीचंही तसंच. गुलबर्ग्याच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. वाडी आणि शहाबाद इथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले, मुंबई-मद्रास रेल्वेमार्ग एकोणिसाव्या शतकातच इथून गेला. तरीही डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने 2002 साली राज्यातल्या तालुक्यांची मागासलेपणानुसार वर्गवारी केली, तेव्हा ‘अत्यंत मागास’ ठरलेल्या 39 तालुक्यांपैकी 21 एकट्या गुलबर्गा विभागातले निघाले. या विभागासाठी राज्यघटनेत 371(जे) हे कलम घालावं लागलं. दगड, डाळ आणि सिमेंट बाहेर जातं, त्यापाठोपाठ माणसंही जातात. पुणे, मुंबई, हैदराबादच्या बांधकामांवर कलबुर्गीचे मजूर आणि लमाणी तांड्यांतली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राबत आली आहेत.

सीमा तर इथे अगदी अलीकडची आहे. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्याकडे आले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रकडे गेले. भालकी, औराद, बसवकल्याण हे तालुके कर्नाटकात राहिले आणि त्यांतल्या कित्येक गावांची घरातली भाषा मराठीच राहिली. मंगळूर किंवा केरळातून आलेला धर्मगुरू बंगळुरात कन्नड शिकून इथे येतो, तेव्हा मराठी आणि दखनी उर्दू त्याला नव्याने शिकाव्या लागतात.

या भागातल्या हिंसेची आठवण काढली की पहिल्यांदा 1948 येतं. मे महिन्यात बसवकल्याण तालुक्यातल्या गोरटा गावावर रझाकारांनी हल्ला करून मोठं हत्याकांड केलं. सप्टेंबरात भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि नंतरच्या काही आठवड्यांत सूडाचं चक्र उलट फिरलं. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा बांधला. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं घेतली आणि या चार जिल्ह्यांतच किमान 18 हजार माणसं मारली गेली असावीत असं नोंदवलं. त्यांतले बहुसंख्य मुसलमान होते. हा अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. एकाच गावात एका बाजूची आठवण स्मारकात कोरलेली आणि दुसऱ्या बाजूची घरात कुजबुजत सांगितलेली, अशी या प्रदेशाची घडण आहे. बाहेरून आलेल्या कोणत्याही धर्माच्या प्रचारकाला इथे लोक संशयाने पाहतात, त्यामागे ही स्मृतीही असते.

पण 1948 सारखी वर्षं अपवाद. रोजची हिंसा संथ असते आणि तिची बातमी होत नाही. 1997-98 च्या हंगामात अवेळी पाऊस आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीने तूर हातची गेली. बिदर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची मालिका सुरू झाली. मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. वसवी यांनी 1999 साली या आत्महत्यांवर लेख लिहिला. कर्ज, बाजार आणि एकटा पडलेला लहान शेतकरी यांचं नातं त्यांनी त्यात उलगडलं. विदर्भातल्या आत्महत्यांवर महाराष्ट्रात रान उठलं ते त्यानंतर काही वर्षांनी. याखेरीज देवदासी प्रथा आहे. 1982 च्या कायद्याने तिच्यावर बंदी आली, ती संपली मात्र नाही. सावकाराच्या उचलीपोटी वर्षभर राबणारा सालगडी आहे. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली, उचल घेणं मात्र चालूच राहिलं. मिशनरी इथे जिवावर उदार होऊन राहतात, असं चित्र रंगवणं खोटं ठरेल. जीव जातो तो त्यांच्या दवाखान्यात येणाऱ्यांचा.

इथे गरिबांची कणव मिशनऱ्यांनी आणली, असं म्हणणंही तितकंच खोटं. बाराव्या शतकात बसवण्णांनी कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, कायक आणि दासोह ही दोन तत्त्वं मांडली: कष्ट करून मिळवावं आणि मिळालेलं समाजाला द्यावं. हरळय्या चांभाराच्या मुलाशी ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लागलं आणि कल्याण पेटलं, ही कथा या भागात आजही सांगितली जाते. कलबुर्गीतलं शरणबसवेश्वरांचं देऊळ दासोहासाठीच प्रसिद्ध आहे. भीमेकाठच्या गाणगापुरात दत्तभक्त माधुकरी मागतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंच्या दरबारी अन्नदानाची परंपरा आहे आणि तिथे हिंदू-मुसलमान भेद मानला जात नाही. ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यात लंगर आहे, बिदरच्या नानक झिरा गुरुद्वारातही आहे. भुकेल्याला एक वेळचं जेवण मिळण्याच्या जागा या दोन जिल्ह्यांत जितक्या आहेत, तितक्या फार थोड्या ठिकाणी असतील.

आणि तरीही भूक राहिली. अन्नदानात एक वेळ भागते, नातं बदलत नाही. पंगतीला बसलेला सालगडी दुसऱ्या दिवशी त्याच वाड्यावर त्याच अटींवर जातो. बसवण्णांचा दासोह मुळात एवढा निरुपद्रवी नव्हता. तसा असता तर कल्याण पेटलं नसतं. पुढे त्याचं दानधर्मात रूपांतर झालं आणि तो सर्वांना सोयीचा झाला. याला अपवाद आहेत. भालकी हिरेमठाच्या चन्नबसव पट्टदेवरूंनी निजामी राजवटीत बाहेर उर्दूची पाटी लावून आत कन्नड शाळा चालवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे त्याच मठाने अनाथ मुलांना आसरा दिला. मिशनऱ्यांच्या कामाची तुलना करायची तर अशा मठांशी करावी. मिशनविरहित पोकळीशी केली, तर मिशनरी उगाच थोर दिसू लागतात.

निजामाच्या संस्थानात कॅथोलिक काम मुख्यतः मिलानच्या परदेशी मिशन संस्थेच्या इटालियन धर्मगुरूंकडे होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते हैदराबादेत होते आणि 1886 साली तिथे धर्मप्रांत झाला. त्यांचा भर तेलुगू भागावर राहिला, बिदर त्यांच्या नकाशाच्या कडेला पडलं. मराठी मुलखात काम वाढवलं ते संत फ्रान्सिस द सेल्स संघाच्या फ्रेंच मिशनऱ्यांनी. त्यांतले फादर गुरियन जाकिये 1892 च्या सुमारास वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावी आले आणि महार-मांग वस्त्यांत राहिले. थोड्याच वर्षांत 1899-1900 चा दुष्काळ आला. धान्य, औषध, अनाथ मुलं आणि बाप्तिस्मा या चारही गोष्टी तेव्हा एकाच अंगणात चालत. टीकाकारांनी दुष्काळातल्या ख्रिस्ती झालेल्यांना पोटासाठी धर्म बदलणारे म्हटलं. या टीकेत तथ्य आहे, पण अर्धंच. उपाशी माणसाच्या निवडीला पूर्ण स्वातंत्र्याची निवड म्हणता येत नाही, हे खरं. मात्र पाणवठ्यावर आणि देवळात मज्जाव असलेल्या माणसाने ज्या धर्मात राहणं ‘निवडलं’ होतं, ती निवड तरी कुठे स्वतंत्र होती? दुष्काळ ओसरल्यावर दाणा थांबला, तरी पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती राहिली. त्याचं कारण शाळेत आणि नावापुढे लागलेल्या नव्या ओळखीत शोधावं लागतं. निव्वळ धान्याने पिढ्या टिकत नाहीत.

दान आणि बाप्तिस्मा यांची ही गाठ पुढे चर्चनेच सैल केली. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांतल्या सत्यांशाचा आदर करण्याची भूमिका घेतली. 1971 च्या बिशपांच्या महासभेने न्यायासाठी झटणं हा धर्मप्रसाराचाच भाग ठरवला. महाराष्ट्राला या वळणाची चाहूल त्याआधीच लागली होती. 1952 साली भारतात आलेले स्पॅनिश जेझुइट विन्सेंट फेरर मनमाडच्या दुष्काळी पट्ट्यात शेतकऱ्यांना विहिरी खणायला मदत करत: खोदाई शेतकऱ्याने करायची, खोदेपर्यंतचं धान्य आणि लागणारी साधनं फेरर पुरवणार. हे काम वाढलं तसे स्थानिक हितसंबंध बिथरले, धर्मांतराचा आरोप झाला आणि 1968 साली त्यांना देश सोडण्याचा आदेश निघाला. त्याविरुद्ध सुमारे तीस हजार शेतकरी मनमाडहून मुंबईकडे चालत निघाले. इंदिरा गांधींनी मध्यम मार्ग काढला. फेरर काही काळ परदेशी गेले आणि परतल्यावर आंध्रातल्या अनंतपूरला स्थायिक झाले. लवकरच त्यांनी जेझुइट संघही सोडला. ज्या माणसासाठी हजारो बिगर-ख्रिस्ती शेतकरी रस्त्यावर आले, त्याच्यावर धर्मांतराचा आरोप कशासाठी झाला असावा, याचं उत्तर त्या विहिरींच्या काठी सापडतं. पाणी लागलेल्या शेतकऱ्याला दुसऱ्याच्या पाण्यावर आणि उचलीवर जगावं लागत नाही.

अहमदनगरला स्विस जेझुइट हर्मन बाखर यांनी तीच वाट अधिक शिस्तीने चालवली. सरकार, नाबार्ड आणि जर्मनी यांना जोडणारा इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम त्यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला आणि 1993 साली वॉटर ही संस्था. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारखी गावं त्याची उदाहरणं. यात धर्म दिसतच नाही. दिसतात ते समतल चर, चराईबंदीचा ठराव आणि ग्रामसभेची सही. बाखर यांना म्हणूनच फेररांसारखा रोष सोसावा लागला नाही. गाव एकत्र आणताना त्यांनी जमीनदारालाही सोबत घेतलं. याचा फायदा उघड आहे. मर्यादाही उघड आहे: पाणलोटात पाणी वाढतं, पण ते ज्याची जमीन आहे त्याच्या विहिरीत वाढतं.

बिदरमध्ये हे वळण भूमिहीनांच्या बाजूने आलं. हुमनाबादची ऑर्बिट, म्हणजे ‘ऑर्गनायझेशन फॉर बिदर इंटिग्रल ट्रान्सफॉर्मेशन’, ही तिथल्या कॅथोलिक समाजकार्याची ओळख. तिच्या कामाचा कणा म्हणजे महिला बचत गट. नाबार्डने 1992 मध्ये बचत गट आणि बँका जोडण्याचा प्रयोग सुरू केला. बिदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक तर या जोडणीसाठी देशभर ओळखली गेली. त्यामुळे मिशनच्या गटांना सहकाराची तयार चौकट मिळाली. पद्धत साधी आहे. दहा ते वीस बाया, आठवड्याची ठरलेली बचत, एक वही, आळीपाळीने कर्ज आणि सहा-आठ महिन्यांनी बँकेत पत. पण त्या वहीत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. आजारपणासाठी सावकाराकडून घेतलेली उचल फिटली नाही म्हणून मुलगा सालावर ठेवावा लागत असे. तीच रक्कम आता गटातून मिळते. व्याज गटाकडेच राहतं आणि मुलगा शाळेत. यात एकही घोषणा द्यावी लागत नाही. तरी गावातल्या सत्तेच्या पायाखालची वाळू सरकते.

हे काम प्रामुख्याने धर्मभगिनी करतात. बातमीत बिशप दिसतो, उद्घाटनाला फादर असतात. मोटारसायकलीवर किंवा वडापच्या जीपने तांड्यावर जाऊन रात्रीची बैठक घेणारी सिस्टर मात्र अनामिक असते. तिची बदली तीन-चार वर्षांनी होते, पगार तिच्या संघाच्या खात्यात जातो, आणि चर्चच्या निर्णयांत तिला मत नसतं. गरीब बायांना स्वतःच्या नावाने सही करायला शिकवणाऱ्या संस्थेत ही विसंगती आहे, आणि बाहेरचे टीकाकार तिच्याकडे क्वचितच बोट दाखवतात.

विरोधाला स्वतःचा इतिहास आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने 1956 साली मिशनऱ्यांच्या कामावर कडक अहवाल दिला. 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं ठरवलं. कर्नाटकात 2008 च्या सप्टेंबरात मंगळूर परिसरात चर्चवर हल्ले झाले. 2022 मध्ये धर्मांतरविरोधी कायदा आला आणि 2023 मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो मागे घेण्याचा निर्णय केला. सीमेपलीकडे, कलबुर्गीच्या आळंद तालुक्याला लागून असलेल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 2020 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हाही ते धर्मगुरू आहेत या एकाच कारणावरून विरोध झाला. वसईत हिरवाई वाचवण्यासाठी त्यांनी भूमाफियांच्या दहशतीशी झुंज घेतली होती, ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता. विरोधकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

संशयात तथ्याचा भाग नाही असं नाही. पैसा परदेशातून येतो आणि त्याचा हिशेब मागण्याचा सरकारला अधिकार आहे. पण परकीय देणग्यांच्या कायद्यात 2020 साली झालेल्या दुरुस्तीचा भार कोणावर पडला ते पाहावं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला निधी देणं बंद झालं. मोठ्या संस्थांनी वकील नेमले. लहान तालुक्यातल्या संस्थांचा खर्च मुळात माणसांवरच होतो, कारण गट बांधणारा कार्यकर्ता हाच त्यांचा ‘प्रकल्प’ असतो. त्या अडचणीत आल्या. इमारत बांधणं सोपं झालं, माणूस ठेवणं अवघड.

धर्मांतराचा खर्चही शेवटी गरिबानेच उचलला आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 साली ही अट काढण्याची शिफारस केली होती. 2022 मध्ये या प्रश्नासाठी न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. परिणामी रविवारी प्रार्थनेला जाणारा माणूस कागदावर हिंदू राहतो. त्याला ढोंगी म्हणणाऱ्यांनी कायद्याचा हा कोपरा आधी पाहावा. आणि चर्चने स्वतःचा कोपरा पाहावा, कारण जात चर्चच्या दारातही थांबत नाही. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेला 2016 साली दलितांविषयीचं धोरण जाहीर करावं लागलं, ही त्याची लेखी कबुली आहे. या दोन जिल्ह्यांत वेदीवर उभा असलेला बहुधा किनारपट्टीचा असतो आणि समोर बसलेला मादिग किंवा होलेया, मराठी गावात मांग किंवा महार. स्थानिकांतून धर्मगुरू तयार होण्याचा वेग मंद आहे. त्यात भर इंग्रजी शाळांची: तालुक्याच्या ठिकाणी त्या चांगल्या चालतात, पण फी भरू शकणाऱ्या व्यापाऱ्याच्या आणि अधिकाऱ्याच्या मुलांसाठी. त्या शाळांचं उत्पन्न खेड्यातलं काम पोसतं, असा युक्तिवाद होतो. तो हिशेब चर्चने उघड मांडला, तर बरेच आक्षेप गळून पडतील, किंवा सिद्ध होतील.

2020 च्या मार्चमध्ये करोनाने देशातला पहिला नोंदलेला मृत्यू कलबुर्गीत झाला. काही आठवड्यांतच मुंबई-पुण्याहून मजूर परतू लागले आणि ज्या तांड्यांची गणती कोणी केली नव्हती, त्यांची संख्या अचानक प्रशासनाला हवी झाली. कोणत्या घरातलं कोण कुठे गेलं आहे, हे गटाच्या वहीतल्या नावांवरून कळत होतं. ते संकट ओसरलं आणि पुन्हा गाड्या भरून माणसं गेली. आता बचत गटांचं काम बऱ्याच अंशी सरकारच्या ग्रामीण उपजीविका अभियानाकडे सरकलं आहे, दवाखान्यांच्या जागी विमा योजना आणि खासगी रुग्णालयं आली आहेत. मिशनकडे उरतात ते ज्यांच्यासाठी योजनेत रकाना नाही असे लोक: मुलं पुण्याला गेलेली म्हातारी जोडपी, एचआयव्ही घेऊन परतलेले मजूर, वयामुळे देवळाने आणि बाजाराने दोघांनीही टाकलेल्या देवदासी, आधारकार्डावर वेगळं आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव असलेली मुलं. या कामात संघटना फारशी बांधता येत नाही. ते पुन्हा जुन्या दासोहाच्या जवळ जातं, आणि म्हणून त्याला विरोधही कमी होतो.